शिलाई मशीनच्या आवाजाचा शोध : प्रकल्प नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

घरातल्या शिलाई मशीनचा आवाज पावसाळा लागल्यापासून वाढत गेला आणि आता तो अशा थराला पोचला आहे की माजघरात मशीन चालू असताना स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही. यंदा चवथ ७ सप्टेंबरला आहे. त्याआधी गणपतीच्या खोलीचे पडदे, चौरंगामागचे कापड, जुन्या सुती साड्यांच्या वाकळी आणि नातीचा परकर-पोलका एवढे काम हातावेगळे करायचे आहे. सध्याच्या अवस्थेत या मशीनवर जाड काम घेण्याची माझी तयारी नाही, कारण आवाज करणारा भाग झिजत असतो आणि झिजत आलेला भाग ऐन घाईच्या वेळी दगा देतो.

मशीन फोंड्याला दुकानात नेता आले असते. परंतु त्यासाठी ओतीव लोखंडाचे जड डोके टेबलातून सोडवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, या पावसात न्यावे लागते आणि टेबल घरीच राहते. आवाजात डोक्याचा वाटा किती, मोटरचा किती आणि टेबलाचा किती हे ठरलेले नसताना एकटे डोके दुरुस्तीला देण्यात अर्थ नाही. म्हणून आधी घरीच शोध घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्या बदलाने आवाजात काय फरक पडला ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे. एकाच बैठकीत तेल घातले, पट्टा बदलला आणि सुईही बदलली, तर आवाज गेल्यावरही तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मशीन काळ्या रंगाचे, सरळ टाक्याचे आहे. मुळात ते पायाने चालवायचे. पुढे त्याला मागच्या बाजूने छोटी मोटर आणि पायाखालचा रेग्युलेटर बसवला गेला. बिडाचा स्टँड आणि फणसाच्या लाकडाचे टेबल मात्र जुनेच आहे. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, सुईच्या डावीकडे, सरकपट्टीच्या खाली उभी बसते. आजचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवला. मोबाइल दरवेळी भिंतीतल्या त्याच फडताळात ठेवायचा आणि कापडाची तीच दुहेरी पट्टी शिवायची, म्हणजे आजचा आणि पुढचा आवाज शेजारी ठेवून ऐकता येतील. ही सूचना मुलाची, आणि ती मला फार उपयोगाची वाटते, कारण आवाज कानात साठवून ठेवता येत नाही. आठवण आपल्या सोयीने तो लहान-मोठा करते.

२९ जुलै, सोमवार

आज काहीही दुरुस्त केले नाही, फक्त ऐकले. शोधाचा सगळा आधार एका साध्या गोष्टीवर आहे. या प्रकारच्या मशीनमध्ये हातचाकाची एक फेरी म्हणजे एक टाका. सुईदांडी, वरचा दोरा ओढणारा दांडा, शटल (वरच्या दोऱ्याचा फास खालच्या दोऱ्याभोवती नेणारा भाग) आणि कापड सरकवणारे दाते यांपैकी प्रत्येकाची हालचाल एका फेरीत एकदा पूर्ण होते. त्यामुळे जो आवाज टाक्यागणिक एकदाच येतो तो या चौघांपैकी कोणाचा तरी असतो. मोटरची छोटी कप्पी एका टाक्यामागे अनेक फेऱ्या घेते, म्हणून तिचा आवाज सलग घरघरीसारखा येतो. रबरी पट्टा हातचाकापेक्षा सावकाश फिरतो, म्हणून पट्ट्यावर एखादी गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याचा ठोका टाक्याच्या लयीत न बसता मागे पडत जातो. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या लयीत येतो याकडे लक्ष दिले, तर अर्धे काम तिथेच होते.

प्रथम हातचाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केला. बॉबिन भरताना आपण हेच करतो. चाक मोकळे फिरते आणि सुई जागेवर उभी राहते. अशा स्थितीत मोटर चालवली तेव्हा टाक्याची टकटक पूर्ण थांबली, पण खालच्या सुरातली घरघर जशीच्या तशी राहिली. म्हणजे घरघर मोटर, पट्टा आणि चाक यांच्यातली आहे आणि टकटक डोक्याच्या आतली आहे. दोन्ही दुखणी वेगळी आहेत हे आजचे पहिले निश्चित अनुमान.

नंतर प्लग काढला, पट्टा उतरवला, मधला स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि चाक हाताने, नेहमीप्रमाणे स्वतःच्या दिशेने, सावकाश फिरवले. टकटक हाताच्या वेगातही ऐकू येते. सुई काढून फिरवले तरी फरक पडला नाही, म्हणजे सुई कुठे आपटत नाही. बॉबिन केस काढल्यावर आवाज किंचित उतरला. शटल बाहेर काढल्यावर तो खूपच उतरला, परंतु पूर्ण गेला नाही. फेरीत एकदा, ठरावीक ठिकाणी, एक कोरडा ‘खट्’ शिल्लक राहिला. चाकाला डावी-उजवीकडे ढकलून मुख्य दांड्यात हेलकावा आहे का तेही पाहिले. तो नाही, आणि ही समाधानाची गोष्ट आहे, कारण दांड्याची बैठक झिजलेली असती तर घरच्या घरी फारसे काही करता आले नसते.

३० जुलै, मंगळवार

आजचा दिवस शटलसाठी. सुई सर्वांत वर आणली, सरकपट्टी उघडली, बॉबिन केसची खिट्टी धरून केस बाहेर ओढली. तिच्यामागे शटल धरून ठेवणारे गोल कडे असते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर वळवल्या की कडे सुटते आणि मधल्या खुंटीला धरून शटल अलगद हातात येते. काढलेला प्रत्येक भाग पांढऱ्या रुमालावर, काढल्याच्या क्रमाने, ज्या तोंडाने बाहेर आला त्याच तोंडाने ठेवला. बसवताना हा क्रम उलटा वाचायचा असतो.

शटल ज्या गोल खाचेत झोके घेते ती खाच उजेडात धरून पाहिली. तळाशी तपकिरी तेलात कापसाचा बारीक भुगा रुतून बसला होता, आणि खाचेच्या मागच्या कडेला, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा ठिकाणी, काळ्या पडलेल्या दोऱ्याचा सुमारे बोटभर तुकडा अडकला होता. तो मूळचा पांढरा होता हे चिमट्याने ओढून उलगडल्यावर कळले. शिवणीच्या सुरुवातीला वरचा आणि खालचा दोरा मागे धरून न ठेवता मशीन चालवले की दोऱ्याचे टोक असेच खाली ओढले जाते. शटल प्रत्येक झोक्याला या तुकड्यावर चढत होते. सुईच्या टोकाने खाच खरवडणे टाळले, कारण तिथे उठलेला ओरखडा पुढे दोरा तोडतो. जुना दात घासायचा ब्रश आणि बांबूची बारीक काडी एवढ्यावर काम झाले. शटलच्या चोचीवरून, म्हणजे दोऱ्याचा फास पकडणाऱ्या टोकावरून, नख फिरवून कुठे खरखर लागते का पाहिले. चोच गुळगुळीत आहे. स्वच्छ सुती कापडाने सर्व पुसून खाचेत तेलाचा एकच थेंब दिला आणि शटल परत बसवले.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. या मशीनचे शटल पूर्ण फेरी घेत नाही; ते अर्ध्या फेरीहून थोडे अधिक जाते आणि परत येते. त्याला ढकलणारा दट्ट्या आणि शटल यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण वरच्या दोऱ्याचा फास शटलभोवती फिरून त्याच फटीतून निसटतो आणि तेव्हाच टाका पडतो. दिशा बदलताना दट्ट्या शटलच्या एका टोकाचा हात सोडून दुसऱ्या टोकाला लागतो आणि तेवढा टक् आवाज होणारच. एलायस हाव यांना १८४६ मध्ये ज्या टाक्याच्या यंत्राचे अमेरिकेत पेटंट मिळाले, त्यातही टोकाशी छिद्र असलेली सुई आणि पुढेमागे जाणारे शटल हीच जोडी होती. शटलची रचना तेव्हापासून पुष्कळ बदलली, तरी पुढेमागे जाणाऱ्या वस्तूला दिशा बदलताना थांबावे लागते हे बदललेले नाही. शटलच्या जागी गोल फिरत राहणारा हुक असलेली मशीने शांत असतात याचे कारणही हेच. तेव्हा आपल्याला निःशब्द मशीन मिळवायचे नसून त्याचा मूळचा आवाज परत मिळवायचा आहे.

संध्याकाळी त्याच पट्टीवर शिवून आवाज टिपला. टकटक निम्म्याहून कमी वाटते. ‘खट्’ आणि घरघर तशीच.

२ ऑगस्ट, शुक्रवार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले होते, तेव्हा सामान घेऊन आले: चौदा आणि सोळा नंबरच्या सुया, पाण्यासारखे पातळ व रंगहीन मशीन तेल, मोटरचा रबरी पट्टा आणि बॉबिन भरण्याच्या चकतीचे रबरी कडे.

दुकानाच्या दाराशी मशीन दुरुस्त करणारे एक वयस्कर काका बसतात. त्यांना मोबाइलवरचा आवाज ऐकवला. त्यांनी मोबाइल कानाला लावून तो नीट ऐकला आणि विचारले, “वहिनी, तेल कुठले घालता?” आमच्या घरात दाराच्या बिजागरीपासून मशीनपर्यंत सगळीकडे खोबरेलच वापरण्याची रीत सासूबाईंच्या काळापासून चालत आली आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, “मग आधी ते जुने तेल काढा. नवे तेल त्याच्या वरून वाहून जाते, आत पोचत नाही. आणि दाते एकदा बघा. हा खट् शटलचा नाही.” त्यांनी मोबाइलवर ऐकून जे ओळखले ते आमच्या २९ तारखेच्या अनुमानाशी जुळते, याचे मला फार समाधान वाटले.

४ ऑगस्ट, रविवार

जुने तेल काढण्याचे काम. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा त्याखाली सहज उतरतो. पण थंडीपेक्षा मोठा प्रश्न वर्षांचा आहे. तेल हवेत जुने होते, कापसाच्या धुळीत कालवले जाते आणि सांध्यांत पिवळट चिकट थर धरते. घालताना ते मऊपणा देते म्हणून माणसाला उपाय झाल्यासारखे वाटते, आणि काही दिवसांनी मशीन पुन्हा जड झाले की पुन्हा तेच घातले जाते. थरावर थर चढत जातो.

प्लग काढून मोटर आणि पट्टा डोक्यापासून वेगळे केले, कारण रॉकेल रबराला खाते आणि मोटरच्या ठिणगीजवळ ते नेणे धोक्याचे आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या, देवघरातला दिवा शांत होईपर्यंत थांबले, आणि मगच रॉकेलची वाटी आणली. मशीनच्या पाठीवरची तेलाची भोके, डावीकडची तोंडपट्टी उघडल्यावर दिसणारी सुईदांडी व कापड दाबणाऱ्या पायाची दांडी, दोरा ओढणाऱ्या दांड्याचा सांधा, मागच्या गोल झाकणाखालचे जोड आणि डोके मागे कलते केल्यावर खालच्या बाजूला दिसणारे आडव्या दांड्यांचे टेकू, अशा प्रत्येक हलत्या जागी रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडून चाक हाताने पुढेमागे फिरवले. सुरुवातीला बाहेर आलेले रॉकेल गडद तपकिरी होते. कापड बदलत, पुन्हा थेंब सोडत गेले तसे ते फिकट होत गेले, आणि सुईदांडी ज्या नळीत सरकते त्या बुशातून स्वच्छ रॉकेल येऊ लागले तेव्हा चाक बोटाने ढकलले तरी फिरू लागले. काळ्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला मात्र रॉकेल किंवा स्पिरिट लावले नाही. स्पिरिटने जुने रोगण विरघळते आणि नक्षी पुसली जाते. तिथे किंचित ओलसर मऊ कापड पुरे.

रॉकेल धुण्यासाठी असते, वंगणासाठी नव्हे. ते उडून गेल्यावर धातू कोरडा पडतो आणि आपल्या दमट हवेत कोरड्या लोखंडावर गंज यायला वेळ लागत नाही. म्हणून सर्व पुसून, सुकवून, त्याच दिवशी त्या सर्व जागी नव्या तेलाचा एकेक थेंब दिला. दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या, बॉबिन भरण्याच्या चकतीचे रबर आणि पट्ट्याची खाच या ठिकाणी तेल लागता कामा नये. तिथे घसरण हवी नसते, पकड हवी असते.

यंत्र चालवून पाहिले नाही. रात्रभर खिडकीजवळ उघडे ठेवले.

६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून वीज नाही. यंदाचा पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि आमच्या वाडीत झाड कोसळून तारा तुटल्या आहेत. हाताने चाक फिरवण्याला यापेक्षा चांगला दिवस नाही, कारण मोटरच्या वेगात जे लपते ते हाताला कळते.

शटल काढून ठेवून चाक अगदी सावकाश फिरवले आणि ‘खट्’ नेमका कुठे येतो ते पाहिले. सुई वर असताना, दाते कापड मागे नेऊन खाली बुडण्याच्या जरा आधी तो येतो. त्याच क्षणी बोटाला चाकात किंचित अडथळाही जाणवतो. मग टाक्याच्या लांबीची खिट्टी मधोमध शून्यावर आणली. या स्थितीत दाते फक्त वर-खाली होतात, पुढेमागे सरकत नाहीत. ‘खट्’ नाहीसा झाला. खिट्टी हळूहळू खाली नेत गेले, टाका लांब होत गेला, आणि शेवटच्या खुणेजवळ आवाज परत आला. हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. दर वेळी तेच. दाते मागे जाताना कशाला तरी लागत आहेत याबद्दल आता शंका उरली नाही. आजवर मी पडद्यांना आणि वाकळींना लांब टाका घालत आले आणि ब्लाउजला बारीक. जाड कामालाच आवाज जास्त होतो असे जे वाटत होते त्याचा एक भाग येथे उलगडतो.

सुईखालची पट्टी दोन स्क्रूंनी बसलेली असते. स्क्रू काढून पट्टी उचलली. तिच्या खाली, दातांच्या दोन्ही ओळींच्या मधल्या खोबणीत, दाबून दाबून चटईसारखा घट्ट झालेला कापसाचा थर होता. त्यात निळ्या, लाल, पिवळ्या रंगांच्या रेघा एकावर एक दिसत होत्या. कुठल्या तरी दिवाळीतला पिवळा, शाळेच्या गणवेशाचा निळा. तो तुकडा अखंड निघाला आणि त्यावर दातांचा साचा उमटलेला होता. हा थर मागच्या टोकाला इतका जाड झाला होता की खाली बुडताना दात्यांना जागाच उरत नव्हती.

थर काढल्यावर ‘खट्’ मऊ झाला, पण राहिला. बॅटरीच्या उजेडात पट्टीची खाच पाहिली, तर मागच्या कडेवर अगदी बारीक, चकचकीत घासलेली खूण आहे. धातूवर ताजी चकाकी दिसली की तिथे दुसरा धातू घासतो आहे असे समजावे. दाते ज्या तुकड्यावर आहेत तो खालून दोन छोट्या स्क्रूंनी आवळलेला असतो. त्यातला एक ढिला होता आणि तुकडा किंचित मागे सरकला होता. दोन्ही स्क्रू सैल करून, सर्वांत लांब टाक्यावर चाक फिरवत, पुढे आणि मागे सारखी फट राहील अशा जागी तुकडा आणला आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला असता तर तुकडा तिरका झाला असता. पट्टी पुन्हा बसवली. दाते वर आल्यावर पट्टीच्या वर सारख्या उंचीने दिसतात, डावी-उजवीकडे घासत नाहीत.

‘खट्’ गेला. वीज आलेली नाही, त्यामुळे आवाज टिपता आला नाही. परंतु हाताला जाणवणारा अडथळाही गेला आहे आणि माझ्या दृष्टीने ती खूण अधिक खात्रीची आहे.

११ ऑगस्ट, रविवार

आज घरघरीकडे वळले. मोटर पट्ट्याशिवाय एकटी चालवली, तर तिचा आवाज बारीक आणि सलग आहे. पट्टा चढवला की तिला घरघर फुटते. पट्टा फार ताणलेला होता. बोटाने दाबला तरी दबत नव्हता. घसरू नये म्हणून पट्टा आवळला जातो, पण अति ताणाने मोटरचा दांडा एका बाजूला ओढला जातो, त्याची बैठक एकाच अंगाने झिजते, मोटर तापते आणि आवाज करते. शिवाय रबर कडक होऊन भेगाळले होते. नवा पट्टा घातला आणि मधोमध बोटाने हलके दाबल्यावर सुमारे एक सेंटीमीटर आत जाईल एवढाच ताण ठेवला. मोटर ज्या पट्टीवर बसते तिचा स्क्रूही ढिला निघाला. त्याखाली दातेरी वॉशर घालून तो आवळला.

बॉबिन भरण्याची चकती बाजूला केलेली असतानाही तिचे रबरी कडे हातचाकाला जेमतेम शिवत होते. कडे जुने होऊन फुगले होते. नवे बसवल्यावर ती बारीक सुर्र बंद झाली, जिच्याकडे इतर आवाजांच्या गर्दीत माझे लक्षही गेले नव्हते.

प्लग काढून मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, पाहिले. दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून ब्रश ज्या बाजूचा त्याच बाजूला, ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने परत घातला, कारण कार्बनला फिरत्या भागाची गोलाई लागलेली असते आणि उलटा बसवला तर ठिणग्या वाढतात. एक ब्रश बराच झिजला आहे. दुसरा ठीक आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

टेबल. डोके मागच्या बाजूने दोन बिजागऱ्यांच्या खुंट्यांवर टेकते आणि त्या खुंट्या खालून स्क्रूने धरलेल्या असतात. दोन्ही स्क्रू सैल होते, त्यामुळे डोके चालताना टेबलाच्या लाकडावर थरथरत होते. ते आवळले. सुतारकाम करणाऱ्या मेस्तांना बोलावून स्टँड आणि टेबल जोडणारे स्क्रूही तपासून घेतले. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि या येरझाऱ्यांत स्क्रूची भोके सैल होतात. मेस्तांनी भोकांत बांबूची काडी ठोकून मग स्क्रू घातले. स्टँडचा एक पाय फरशीला टेकत नव्हता. त्याखाली जुन्या टायरच्या रबराचा तुकडा दिला. खोलीभर घुमणारा खालचा आवाज यानंतर जवळजवळ राहिला नाही. एवढ्या हलक्या कामाने एवढा फरक पडेल असे वाटले नव्हते. ज्यांच्याकडे जुना बिडाचा स्टँड आहे त्यांनी कुठलाही भाग उघडण्याआधी चारही पाय फरशीला टेकतात का ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

१८ ऑगस्ट, रविवार

जाड कापडाची चाचणी. साड्यांचे अनेक थर एकत्र घेतल्यावर टाक्यागणिक ‘थप्’ असा आवाज येतो. दुहेरी कापडावर तो येत नाही. हा आवाज यंत्राच्या आतला नसून सुई कापडात घुसण्याचा आहे. आतापर्यंत वापरात असलेली सुई काढून तिची सपाट बाजू काचेवर ठेवली, तेव्हा टोकाकडे काचेपासूनचे अंतर वाढत गेलेले दिसले. सुई वाकली आहे. नखावरून टोक ओढले तर ओरखडा उठतो, म्हणजे टोकही बोथट आहे. चौदा नंबरची, म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडीची नवी सुई लावून पडद्याचे कापड शिवले: शांत. वाकळीला सोळा नंबरची, म्हणजे १ मिलिमीटरची सुई लावली: थप् आहे, पण बोथटपणा गेला. जिथे साडीच्या काठावर काठ येतो आणि थर दुप्पट होतो, तिथे मोटर न वापरता चाक हाताने फिरवून ते दोन-चार टाके घालायचे असे ठरवले आहे. वाकळ घाईने शिवण्याची वस्तूच नव्हे.

२५ ऑगस्ट, रविवार

पडदे आणि चौरंगामागचे कापड शिवून झाले. परकराची शेवटची दुमड उरली आहे. एक वाकळ पूर्ण झाली, दुसरी चवथीनंतर घेईन. फडताळात मोबाइल ठेवून आज पुन्हा तीच पट्टी शिवली आणि २८ जुलैचा आवाज शेजारी लावून ऐकला. घरघर गेली, खट् गेला, आणि शटलची जी टक् राहिली आहे ती हलकी आणि समान अंतराची आहे, ती राहणारच. स्वयंपाकघरातून सूनबाईंनी मारलेली हाक मला आज मशीन न थांबवता ऐकू आली.

देखभालीचे वेळापत्रक मशीनच्या खणात लावून ठेवले आहे. काम चालू असताना दर आठवड्याला शटलच्या खाचेत एक थेंब तेल. दर मोठ्या कामानंतर सुईखालची पट्टी उघडून भुगा काढणे. जाड काम संपले की सुई बदलणे. पावसाळ्यात झाकण घालण्याआधी उघडे लोखंड तेलाच्या हाताने पुसणे. मशीन तेलाची बाटली खणात ठेवली आणि तिथली खोबरेलाची कुपी स्वयंपाकघरात परत नेली. झिजलेल्या कार्बन ब्रशच्या मापाची जोडी अजून आणायची आहे. जुन्या ब्रशचे माप कागदावर उतरवून पिशवीत ठेवले आहे, आणि नवी जोडी मिळेपर्यंत मोटरवर सलग वाकळ शिवायची नाही.